अठ्ठ्याण्णव ऑक्टेन आणि अकराचा पेपर

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. तिघांची वेळेवर गाठ पडली की गाडी पुढे जाते. पण गाडी पुढे जाण्याला आपल्याकडे फारसा मान नाही. मान आहे तो ट्यूनिंगला.

मनालचे अब्बा, सुलेमान, शारजाहून परतले ते हे ज्ञान घेऊनच. त्यांनी टर्बो इंजिनाची एक वापरलेली गाडी घेतली आणि तिथल्या मित्राने पाठवलेली फाइल लॅपटॉपवरून तिच्यात भरली. इंजेक्टरने कुठल्या क्षणी किती पेट्रोल फवारायचं, ते या फाइलीत लिहिलेलं असतं. फाइल अत्यंत शास्त्रशुद्ध होती. (वाळवंटातल्या हवेसाठी आणि अठ्ठ्याण्णव ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. ऑक्टेन म्हणजे ठिणगी पडेपर्यंत पेट न घेण्याचा पेट्रोलचा धीर. गावच्या पंपावरचं पेट्रोल एवढं धीराचं नव्हतं.)

अशी गाडी दारात असताना मुलीला दहावीच्या पेपराला एसटीने पाठवणं बरं दिसलं नसतं.

"वीस मिनिटांत रत्नागिरी!" अब्बा म्हणाले.

"एसटीला तास लागतो अब्बा, पण ती पोचते."

आरेवारेच्या चढावर इंजिन खिळे भरलेल्या डब्यासारखं वाजायला लागलं. गाडीतल्या संगणकाने घाबरून सगळी ताकद काढून घेतली. गाडी थांबली तेव्हा साडेनऊ झाले होते. अब्बांनी बॉनेट उघडलं.

उघडं बॉनेट ही आपल्याकडे जाहीर सभा असते. बघता बघता नऊ वाहनं थांबली. चौघांच्या मते दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा होता, तिघांच्या मते फाइलीचा, एकाच्या मते खाऱ्या वाऱ्याचा. (नववा समुद्राचे फोटो काढायला थांबला होता. तोच सर्वात खात्रीने बोलला.)

"अब्बा, साडेदहापर्यंतच वर्गात घेतात."

"एक मिनिट, बेटा. हे काका इंजेक्टरचं सांगतायत."

अशी एकूण सात मिनिटं मागण्यात आली. प्रत्येक मिनिट सरासरी चार मिनिटांचं होतं.

"जरा सरक गो," खाऱ्या वाऱ्यावाले काका मनालला म्हणाले, "उजेड येऊ दे."

ती सरकली ती थेट रस्त्याच्या कडेला. तेवढ्यात मासळीचा टेम्पो आला. डिझेलवरचा, जुनाट. त्याला जन्मात कोणी लॅपटॉप लावला नव्हता, त्यामुळे तो चालत होता. पुढे बसलेल्या मालन मासेवालीने ड्रायव्हरला थांबवलं.

"हॉल तिकीट ना गो हातात? चढ, बाय, चढ. कुठला पेपर तुझा आज?"

मनालने चढता चढता सांगितलं. सुरमईच्या वासासकट ती दहा अठ्ठावीसला वर्गात बसली. अब्बांना ती गेल्याचं आठवं मिनिट मागताना कळलं.

पेपर कुठला, हे त्या सकाळी एकट्या मालननेच विचारलं. बाकी नऊ वाहनांना दोष देण्यात अर्थ नाही. इथवर वाचताना तुम्हीही एवढंच ठरवत होतात, दोष फाइलीचा की पेट्रोलचा.