तांब्याशेजारची रेघ

काळोखेसरांना ‘आज ऊन फार आहे’ म्हटलं तरी ते विचारतात, “पुरावा हाय का?” माझ्या लग्नाची पत्रिका दिली, तेव्हाही हाच प्रश्न! मी गारच पडलो होतो.

चाकणच्या आमच्या छोट्या कंपनीत ते डिझाइनप्रमुख. निवृत्तीपूर्वीचं त्यांचं शेवटचं काम म्हणजे एका संशोधन संस्थेसाठी क्ष-किरण स्पेक्ट्रोमीटर. नमुन्यावर क्ष-किरण सोडले की त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपले किरण बाहेर टाकतं. वाकवलेला स्फटिक ते वेगळे करतो आणि पडद्यावर ज्याची त्याची रेघ उमटते. नमुना, स्फटिक, डिटेक्टर एकाच वर्तुळावर हवेत. केसभर हललं की मुसळ केरात. म्हणून त्यांच्या खोलीत शिंकायला बंदी. एकदा मालक शिंकले, तर सरांनी त्यांनाही पार्किंगमध्ये पिटाळलं! “मायक्रॉनचं काम हाय राव, खेळ न्हाई.” हातमोजे आम्हाला सक्तीचे, स्वतः मात्र उघड्या हातानं काम करायचे. टूलरूममधली जुनी खोड. “बोटाला कळतं,” म्हणायचे.

खंडेनवमीला आम्ही हार घेऊन गेलो, तर सर दारात आडवे. “स्फटिक देवानं वाकवला का मी?”

शेवटची चाचणी शनिवारी होती. फसली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. संस्थेच्या बाई समोर बसलेल्या. सरांनी शुद्ध तांब्याची पट्टी बसवली. तांब्याची रेघ आली, सुरेख. आणि शेजारी आणखी एक. शिशाची!

शुद्ध तांब्यात शिसं कुठून? बाईंच्या भुवया चढल्या. सरांनी हळूच आपला अंगठा पाहिला. नखाच्या कडेला केशरी डाग होता.

“मशिन बरोबर हाय,” ते पुटपुटले. “शेंदूर लागलाय. त्यात शिसं असतंय. सकाळी मारुतीला गेलो हुतो.”

काळोखेसर आणि मारुती! मला तर विजेचा शॉक बसल्यासारखं झालं. बाईंनी पट्टी बदलायला लावली. नव्या पट्टीवर एकच रेघ आली. “बोटाचा डागसुद्धा याच्या नजरेतून सुटत नाही की!” म्हणत त्यांनी सही केली.

संध्याकाळी टपरीवर मी धीर करून विचारलं, “सर, देव कधीपासून मानायला लागलात?”

“मी कुठं मानतो? आमची मंडळी मानायची. माझ्या मशिनींसाठी दर शनिवारी मारुतीला तेल घालायची, आन् मी हसायचो.” त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “गेली ती, दिवाळीनंतर.”

कुणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

“मग तुम्ही जाऊन काय मागता?”

“मागायचं काय? आज बी ती येऊ शकली न्हाई, येवढं सांगून येतो.”