अक्कांची टमाट्याची शाळा

आमच्या शेजारच्या अक्का रोज सकाळी बाटल्या कानाला लावतात. खोटं न्हाई सांगत. चहाच्या आधी फळीवरची एकेक बाटली उचलायची, कानाला लावायची, डोळे मिटायचे अन् म्हणायचं, "गप हाय. बस खाली." बाटलीत काय, तर टमाट्याचा रस! मी पहिल्यांदा बघितलं तवा लेकराला छातीशी धरून घरात पळाले अन् कडी लावली. वाटलं, बाईचं डोकं फिरलंय, अन् ह्यांनी मला नेमकं हिच्या शेजारी आणून टाकलंय.

मी नायगावकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं अन् रेणापूरला आले. आमचे हे टेम्पो चालवतात, सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. दिवसभर मी अन् नऊ महिन्यांची परी. मला कुकरच्या शिट्टीचं भ्या, गॅसचं भ्या, परी शिंकली तरी भ्या. मग भिंतीपलीकडून अक्का ओरडायच्या, "शिंकच हाय ग! लेकराला शिंकू बी देऊ न्हाई का?"

अक्का मुलींच्या शाळेत शिपाई होत्या. तीस वर्सं घंटा वाजवली. रिटायर झाल्या, पण घंटा काय डोक्यातून गेली न्हाई.

उन्हाळ्यात टमाट्याचा भाव पडला की त्यांना चेवच येतो. यंदा आमच्या ह्यांनी लातूरहून येताना तीन कॅरेट आणले. अक्कांनी अंगणात तीन दगडांची चूल मांडली, मला हाताखाली घेतलं अन् टमाट्याची हजेरी सुरू केली. कडक लाल ते पुढच्या बाकावर, मऊ पडलेलं मागच्या बाकावर, अन् डागी निघालं की "ह्याचं नाव कमी करा!" म्हणून गल्लीतल्या शेळीपुढं. मग शिजवायचं, चाळणीतून गाळायचं, परत उकळायचं, मीठ टाकायचं, लिंबू पिळायचं, अन् उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत गरमगरम भरून झाकण आवळायचं. मग सगळ्या बाटल्या मोठ्या पातेल्यात, खाली फडकं, वर पाणी. उकळी फुटली की अक्का म्हणणार, "पहिली घंटा!" मधेच, "अर्धी सुट्टी. पण कुणी जागचं हलायचं न्हाई!" बाटल्या बाहेर निघाल्या की, "सुटली शाळा."

"अन् अक्का, आत हवा राहिली तर?"

"तर बाटली बोलती. फस्स करती. चांगल्या घरची बाटली गप असती."

समोरच्या कमलकाकू दारातून म्हणाल्या, "अवो अक्का, बारा महिने टमाटे मिळतेत की बाजारात!"

"मिळतेत की. वरून लाल, आतून पांढरे, चवीला ओला पुठ्ठा. तुम्हीच खावा!"

ह्याच कमलकाकूंच्या अंगणात आठ दिवस आधी गल्लीचे पापड झाले होते. तिथं दारातच विचारतात, "अडचण न्हाई ना?" एकीला होती, तिला उंबऱ्यावरनंच माघारी लावलं. अशा बाईचा हात लागला तर पापड लाल पडतो, लोणचं नासतं. माझ्या मायनं बी लहानपणापासून हेच सांगितलेलं.

तर आमचं दुसरं कॅरेट चाललेलं, चूल धडधडलेली, बाटल्या रांगेत उभ्या, परी झोळीत झोपलेली, अन् मला कळलं की माझी पाळी आली. माय ग! सांगितलं तर एवढा माल शेळीपुढं जाईल, न्हाई सांगितलं तर पाप. तेवढ्यात अक्का ओरडल्या, "भर की ग, निवून राहिलंय!" मी भरल्या. चाळीसातल्या वीस बाटल्या माझ्या हातच्या झाल्या.

तवापासून अक्का दुधाला गेल्या की मीच गुपचूप बाटल्या कानाला लावायला लागले. मला ह्या गावात अक्काशिवाय कोण हाय? माल नासला अन् त्यांना खरं कळलं तर भिंतीपलीकडून हाकच यायची न्हाई. एवढं एकच भ्या, बाकी सगळी भ्या मी विसरले.

अन् पोळ्याच्या आदल्या दिवशी एक बाटली बोलली. फस्स. बारीक, पण बोलली. मी तिथंच बसले अन् रडायला लागले. अक्का दूध घेऊन आल्या तर मी खाली, परी मांडीवर, अन् दोघी बी रडून राहिलो.

"काय झालं? पडली का परी?"

"बाटली बोलली, अक्का."

"मग दे फेकून! झाकण ढिलं राहिलं असंल."

"झाकणाचं न्हाई, माझंच हाय," म्हणलं, अन् सगळं एका दमात सांगून टाकलं.

अक्कांनी दूध खाली ठेवलं. "तुझ्या हातच्या बाटल्या कुठल्या?"

"ह्या खालच्या फळीवरच्या."

"अन् बोलली कुठली?"

मी वर बघितलं.

"वरची फळी माझी हाय, येडे!" अक्का एवढ्या हसल्या की परी रडायची थांबली. मग पदरानं तोंड पुसत माझ्याजवळ बसल्या.

"आमचे मालक गेले तवा मी तेवीस वर्साची होते. त्या उन्हाळ्यात ह्याच कमलच्या सासूनं मला पापडाच्या पाटावरनं उठवलं. 'तुझा हात नको, बाई,' म्हणली. तवापासून कुणी बोलावलं न्हाई. पापडाला नेम, कुरडईला नेम, लोणच्याला तर ढीगभर नेम. कशाला नेम न्हाई ते हुडकत बसले. शेवटी टमाटं घावलं. आपल्यात ते नवंच ना, कुणाच्या सासूला त्याला नेम लावायला अजून सवड मिळाली न्हाई."

मी दोन्ही फळ्यांकडं बघत विचारलं, "पण अक्का, एकट्या माणसाला वर्साला बाटल्या लागतेत तरी किती?"

"मला? चार लई झाल्या."

"मग चाळीस कशाला करता?"

अक्कांनी परीला माझ्या मांडीवरनं उचलून घेतलं.

"चार बाटल्यांसाठी कोण येतंय ग हाताखाली?"