कादंबरीत न आलेल्या उवा

"माझ्या पोरानं कादंबरी लिहिलीय, आणि तीही बापावर!"

कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात शिरणाऱ्या प्रत्येक डोक्यावर त्या सकाळी उस्तादांनी आधी पाणी शिंपडलं, मग हे वाक्य, आणि त्यानंतरच कात्री लावली. जन्मभर दुसऱ्यांची डोकी हातात घेतली, पण स्वतःच्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते कधी कळलं नव्हतं. आता ते चक्क छापून आलं होतं! बाकावरची वर्तमानपत्रं रद्दीत गेली आणि तिथं कादंबरीच्या प्रतींची चळत उभी राहिली.

"नंबर येईपर्यंत वाचा! फुकट!"

स्वतः उस्ताद मात्र अर्पणपत्रिकेच्या पुढे सरकले नव्हते. 'बाबांस' एवढाच शब्द, पण तो वाचला की चष्म्याला धुकं यायचं.

दुपारपर्यंत बाक गप्प गप्प होत गेला. वाचून उठलेलं गिऱ्हाईक खुर्चीत अंग चोरून बसायचं, कासवासारखं. दातांचे डॉक्टर, दिवसभर लोकांच्या हिरड्यांत सुया खुपसणारा माणूस, पण वस्तरा दिसताच त्यांनी डोळे गच्च मिटले!

"काय झालं, डॉक्टर?"

"काही नाही. उस्ताद, आज तुम्ही रागात नाही ना?"

"मी कशाला रागात असेन?"

"नाही, कादंबरीतला बाप रागाच्या भरात वस्तरा चालवतो, म्हणून म्हटलं."

एक गाल उरकला होता; उस्तादांनी वस्तरा खाली ठेवला आणि पुस्तक उचललं. शाळेच्या नाटकात राजपुत्राचं काम मिळालेलं पोर. दुकानात बसायला नाही म्हणालं, म्हणून बापानं नाटकाच्या आदल्या दिवशी त्याला खुर्चीत दाबून बसवलं आणि डोक्याचा गोटा केला. पुढे लिहिलं होतं, 'माझं बालपण त्या दिवशी केसांबरोबर झाडून कचऱ्यात गेलं.'

"अहो, उवा होत्या!"

उस्ताद असे ओरडले की डॉक्टरांच्या गालावरचा फेस आरशावर गेला.

"डोकं नव्हतं ते, वसाहत होती! आणि पोराला एकटं वाटू नये म्हणून मी माझंही डोकं..."

पण 'उवा' या शब्दापुढचं ऐकायला डॉक्टर थांबलेच नाहीत. एक गाल तासलेला, एक फेसाळ, असे ते रस्त्यावरून धावत सुटले.

मग जो येईल त्याला उस्ताद दारातच गाठू लागले. "कादंबरीचं मनावर घेऊ नका! उवा होत्या!" गिऱ्हाईक आल्या पावली परत. संध्याकाळी शेजारचा शिंपी नाकावर रुमाल धरून उंबऱ्याबाहेरून विचारता झाला, "उस्ताद, कधीपासून आहेत?"

"काय?"

"दुकानात. उवा."

उस्तादांनी तावातावानं पाटी रंगवून टांगली : 'येथे उवा नाहीत. होत्या त्या मुलाच्या होत्या.' उरलेसुरले चार जण होते, ते पाटीनं घालवले.

"अहो, पाटी उतरवा आणि पोराला बोलवा," बायको म्हणाली. "ज्यानं लिहिलं तोच निस्तरेल."

पोराची वाट बघत, रिकाम्या दुकानात, उस्तादांनी कादंबरी पहिल्यापासून वाचून काढली. चीड याची आली की कादंबरी चांगली होती! शिव्या घालाव्या म्हणून पान उलटावं आणि पुढचंच वाचत बसावं. डोकं भादरून झाल्यावर बाप कोमट पाण्यानं ते पुसतो आणि वर तळवा ठेवतो. 'तो तळवा उबदार होता. मला त्याचा राग राग करायचा होता आणि जमत नव्हतं.' वाचता वाचता उस्तादांचा हात आपोआप पुढे झाला. खाली कुणाचंच डोकं नव्हतं. हात तसाच राहिला, फांदीवरून पाखरू उडून जावं आणि फांदी हलत राहावी तसा.

रविवारी पोरगा आला, खुर्चीत बसला.

"उवांचं का नाही लिहिलंस रे?"

"बाबा, शोकांतिका आहे ती. उवा आल्या की लोक हसतात."

"आणि मी माझं डोकं भादरलं, ते?"

पोरगा आरशातून बघत राहिला. "तुम्ही भादरलं होतं? मला वाटायचं, तुम्हाला टक्कलच होतं."

कात्री थांबली. पोरगाच ओशाळून म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत दोन्ही घालतो, बाबा. शब्द देतो."

दुसरी आवृत्ती आली, मागोमाग फोनही आला. "बाबा, शब्द पाळला! लोकांना फार आवडलंय. हसून हसून लोळतायत!"

उस्तादांनी घाईघाईनं ते प्रकरण काढलं. उवा होत्या. बापाचं भादरलेलं डोकंही होतं. फक्त उवा बापाच्या होत्या! त्यानं आधी स्वतःचं डोकं भादरलं, तोवर त्या पोराला लागल्या होत्या, म्हणून मग पोराचंही.

"आता तर छापूनच आलं, उस्ताद," शिंपी रस्त्यापलीकडून ओरडला.

उस्तादांनी पुढचं पान उलटलं. तळवा होता. अजून उबदार होता. फक्त पोराच्या डोक्यावर टेकण्याआधी तो बापाचं डोकं खाजवून येत होता.