जलवजन कार्यालयाची बाटली

पाणी सगळीकडे सारखेच असते, हा समज अडाणी माणसांत फार पसरलेला आहे. वस्तुतः काही पाणी जड असते, काही हलके. समुद्रावरून निघालेला ढग जड पाणी वाटेतच जास्त उतरवत जातो, आणि ध्रुवावर बर्फ पाडायला त्याच्यापाशी बहुतेक हलकेच उरते. (हमालही असेच करतात, पण त्यांच्यावर कोणी प्रबंध लिहीत नाही.)

ध्रुवावरच्या बर्फाशी पनवेलचा पाऊस ताडून पाहावा, असे मुंबईच्या जलवजन कार्यालयाने १९६२ साली ठरवले. दर महिन्याचा पाऊस बाटलीत भरून पाठवायचे काम पर्जन्यमापकावरच्या काशिरामकडे आले. काशिराम नेकीचा माणूस. जून ते ऑक्टोबरच्या पाच बाटल्या वेळेवर गेल्या. डिसेंबरात पत्र आले: 'नोव्हेंबरचा पाऊस अद्याप अप्राप्त. खुलासा करावा.'

नोव्हेंबरात पाऊस पडलाच नाही, असे त्याने नम्रपणे कळवले. छापील तक्त्यात त्यासाठी रकाना नाही, असे उत्तर आले. तिसऱ्या पत्रात नोकरीचा उल्लेख होता. तेव्हा त्याची बायको हौसा म्हणाली, की विहिरीतलं पाणी तरी आभाळातूनच आलेलं हाय ना? काशिरामने बाटली भरली. मग दर महिन्याला भरत राहिला.

कार्यालय खूश झाले. हिवाळी पावसाचे वजन पावसाळी पावसाशी विलक्षण जुळत होते. (जुळणारच. तो जुलैचाच पाऊस होता.) अहवाल छापला गेला: पनवेल परिसरात बाराही महिने पाऊस पडतो.

१९६४च्या मे महिन्यात डोंगराकडच्या वाडीतली भागी काशिरामच्या दारात आली. वाडीला विहीर मिळावी म्हणून ती तीन वर्षे अर्जावर अंगठा उठवत होती. या खेपेला अर्ज नामंजूर होऊन आला होता, आणि कारणादाखल अहवालाचे एक पान जोडलेले होते. तिने ते त्याच्याकडून वाचून घेतले. मग रिकामा हंडा खाली ठेवून शांतपणे विचारले, "गेल्या मे महिन्यात पाऊस पडला, तवा आमी कुठं होतो?"

काशिराम त्याच दिवशी कागद घेऊन बसला. बाटल्यांतल्या विहिरीच्या पाण्याची सगळी हकीगत त्याने स्वच्छ अक्षरात लिहून कळवली. उत्तर आले: 'आपण शास्त्रज्ञ नाही. मत नोंदवू नये. मेची बाटली पाठवावी.' त्याने रिकामी बाटली सील करून पाठवली. पाणी वाटेत गळले, असा निष्कर्ष काढून कार्यालयाने गेल्या मेचाच आकडा घातला.

त्यानंतर काशिराम रोज सकाळी सरकारी सायकलला दोन हंडे बांधून वाडीवर जाऊ लागला. भागी ते पाणी घराघरात तांब्याने मोजून देई. ते जड होते की हलके, याची नोंद कुठेही नाही.

अहवालाची दुसरी आवृत्तीही निघाली. प्राध्यापकांनी वाचली, इंजिनियरांनी वाचली, वाचनालयांनी मागवून घेतली. मे महिन्यातला पाऊस एकालाही खटकला नाही. वाचणारे सगळे तुमच्यासारखेच होते: सुशिक्षित, समंजस, आणि घरात नळ असलेले.