नानांचा पुकारा

भोरच्या शाळेत बदली होऊन आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी तोंड धुवत होतो आणि भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "भारद्वाज, राहनार बोरीची जाळी, हाजर हाय काऽऽ?" जरा वेळानं पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

मी टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. परसात एक उंचेपुरे म्हातारे उभे. डोक्याला लाल पटका, अंगात गळाबंद कोट, खाली मात्र घरचाच पंचा. समोर माणूस कुणीच नाही. मग बोरीच्या जाळीतून तांबड्या पंखांचा एक भारद्वाज सावकाश बाहेर आला आणि शेणाच्या ढिगाच्या बाजूनं चालू लागला. म्हातारे स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले आणि अदबीनं म्हणाले, "हाजर."

"बरं झालं," आतून बायकी आवाज आला. "आता चहा घ्या, निवतुया."

हे शिवानाना. संस्थान होतं तेव्हापासून कोर्टात पट्टेवाले होते. दाराशी उभं राहून पक्षकारांची आणि साक्षीदारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. संस्थान विलीन झालं, पुढं नानांनाही पेन्शन झालं, पट्टा आणि पितळी बिल्ला सरकारजमा झाला. आवाज मात्र कुणी जमा करून घेतला नाही. तो घेऊन नाना घरी आले आणि महिनाभरातच परसातल्या यच्चयावत जीवांना त्यांनी नावपत्त्यासह पुकारायला सुरुवात केली, असं त्यांची बायको, नानी, सांगत. "जल्मभर दुसरं केलंय काय ह्यांनी? हाका मारल्या," हे नानींचं मत.

सकाळी सातला काम सुरू. बुलबुल, राहणार मेंदीचं कुंपण. खार, राहणार शेवगा. मुंगूस, राहणार पडकी भिंत. प्रत्येकाला तीन पुकारे. आला तर 'हाजर', नाही आला तर 'गैरहाजर', आणि निकाल चुलीपुढं बसलेल्या नानींना कळवायचा. नानी भाकरी थापता थापता "बरं" म्हणत. कामकाज चालू असताना परसात मोठ्यानं बोललेलं नानांना खपत नसे. मी एकदा विहिरीवरून गाणं गुणगुणत आलो, तर त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं. माझी गाणं म्हणायची सवय तिथंच सुटली.

कोतवाल पक्ष्यावर त्यांचा भारी राग. हा काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी शिकारी शिक्र्यासारखा हुबेहूब ओरडतो, चिमण्या घाबरून दाणे टाकून पळतात आणि तो निवांत उतरतो. नाना म्हणत, "दुसऱ्याच्या आवाजात साक्ष देतंय. ह्याची जबानी धरायची न्हाई." पुकारा मात्र त्यालाही होई. धामण दिसली की तिलाही होई, पण जरा लांबून. "समन्स बजवायचं काम बेलिफाचं. म्या पट्टेवाला," असं म्हणून ते पायरीवर चढून उभे राहत.

एका वर्षी शिंपी पक्ष्यानं वांग्याच्या झाडाची दोन पानं शिवून घरटं केलं. नानांनी झाडाभोवती सुतळी बांधली आणि "जागा जप्त हाय" असं जाहीर केलं. ऐन हंगामात त्या झाडाची वांगी पिकून पिवळी पडली आणि नानी मात्र बाजारातून वांगी आणत होत्या. त्या आठवड्यात त्यांनी नानांना चहाला हाक मारली नाही. नानांनी तक्रार केली नाही.

गावात लोक हसत. मीही हसलो. पाहुणा आला की मी त्याला मुद्दाम सकाळी भिंतीशी उभा करी. हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

मग एका थंडीत नानांचा घसा बसला. नुसता बसला नाही, पार गेला. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर शब्द काढायचा नाही, काढला तर आवाज कायमचा जाईल. दुसऱ्या सकाळी नानी भिंतीशी आल्या. "मास्तर, तेवढं पुकारायला येता का? रातीपासनं पानी पोटात न्हाई त्यांच्या. म्हन्त्यात, एक दिस खाडा पडला तर सगळं मोडंल."

मी गेलो. नाना घोंगडी पांघरून बाजेवर बसले होते, डोक्याला पटका होताच. मी भारद्वाजापासून सुरुवात केली. दुसऱ्याच नावाला नानांनी काठी आपटली आणि कुजबुजले, "पोरांची हजेरी घेतल्यावानी नगा. मानानं बलवा." मी मानानं बोलावू लागलो. खार आली, बुलबुल आले. माझ्यामुळं आले असं नाही, नानींनी पाखडून टाकलेल्या कण्यांमुळं आले, पण मला उगीचच बरं वाटलं.

सगळी नावं झाली. मी निघालो, तर नानांनी माझा सदरा धरला. "एक ऱ्हायलं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मारुती शिवराम."

मी नानींकडे पाहिलं. त्या दारात येऊन उभ्या होत्या. "आमचा ल्योक," त्या म्हणाल्या. "ह्ये रोज सगळ्यांच्या शेवटाला त्येला पुकारत्यात. हळू. तुमाला भित्तीपल्याड ऐकू येत नसंल."

मारुतीला मामानं वेल्ह्याकडचं वावर दिलं होतं. मामाच्या पुतण्यानं त्याच्यावर दावा लावला. तारखेच्या दिवशी नसरापूरला मोटार बंद पडली आणि मारुती तिथून भोरापर्यंत चालत निघाला. इकडे पुकारा झाला. पुकारणारे नानाच. पोरगा येणार हे त्यांना ठाऊक होतं, वाटेकडे डोळे होते. तीन पुकारे झाले, नाना आत गेले आणि 'गैरहाजर' म्हणाले. निकाल एकतर्फी झाला.

"दुपारी पोरगं आलं. टाचा फुटलेल्या," नानी म्हणाल्या. "दावा पुन्यांदा उभा करता आला असता, वकीलबी तसंच म्हनला. पन ह्ये त्येला काय म्हनले? म्हनले, म्या तीनदा पुकारलं व्हतं. पोरगं पान्याचा तांब्या तसाच ठिवून गेलं. सात वर्सं झाली."

नाना खाली पाहत होते. मी कामाचं विचारलं, "नाना, राहणार कुठं म्हणू?"

नानांनी मान हलवली. "नगा काय लावू. असंल तिथनं ऐकंल."

मी पुकारलं. "मारुती शिवराम, हाजर हाय काऽऽ?" नानांनी हात कानामागं धरला. मी दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं आणि थांबलो. आता ते दाराकडे वळतील आणि तो शब्द म्हणतील, असं मला वाटलं आणि तो ऐकायची माझी तयारी नव्हती.

नाना वळले नाहीत. "म्हना की आनखी," ते कुजबुजले. "हितं कुनाला घाई हाय?"

शाळेची पहिली घंटा झाली, तरी मी पुकारत होतो.