मसाल्याच्या डब्यातली काडतुसं

वांढरेंच्या स्वयंपाकघरात हळदीसाठी मसाल्याचा डबा उघडू नये. मी एकदा उघडला. सातही वाट्यांत काडतुसं होती, उंचीप्रमाणे लावलेली, आणि वर एक चमचाही होता.

"वहिनी, रिकामी आहेत ती, बारूद नाही त्यात," सुरेश वांढरे घाईने म्हणाले. "हळद फ्रीजवर आहे."

वांढरे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात आमच्या शेजारच्या टाउनहाऊसमध्ये राहायचे. मूळचे चंद्रपूरकडचे, वय चाळीस, एकटे. माझ्या नवऱ्याच्या, महेशच्या ऑफिसात टेस्टिंग करायचे. डॉटकॉमचा फुगा फुटला, अर्धं ऑफिस घरी गेलं, वांढरे टिकले. घरात सात प्रकारची काडतुसं आणि बंदूक एकही नाही. "आधी काडतूस ठरवायचं, मग त्याच्या मापाची बंदूक. लोक उलटं करतात." हे ठरवणं पाच वर्षं चालू होतं.

"थ्री-ओ-एटचं काडतूस म्हणजे वरणभात, कोणी नावं ठेवत नाही. थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे सावजी रस्सा, खांद्याला दोन दिवस आठवण राहते. हरणाला टू-सेव्हन्टी पुरे. पण उद्या मूस समोर आला तर?"

मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण. हातात बंदूक नसताना तो समोर आला तर काडतूस कुठलंही असो, काय फरक पडणार, हे मी विचारलं नाही.

तरीही दर नोव्हेंबरात ऑफिसातले गोरे शिकारी त्यांना मानाने उत्तरेच्या जंगलात न्यायचे, कारण माग काढावा तर वांढरेंनीच. विद्या वडिलांची. वडील वनरक्षक होते, वाघाच्या पंजाच्या ठशावर काच ठेवून तो उतरवून घेण्यात हयात गेलेली. वांढरे दर वर्षी बर्फातल्या मागाचे फोटो त्यांना पोस्टाने पाठवायचे, फोटोच्या पाठीवर जनावर कुठलं, त्याला काय झालं याचं आपलं उत्तर लिहून. बाबांनी एकदा तरी 'बरोबर' म्हणावं, एवढी एकच त्यांची इच्छा. पाच वर्षांत पाचदा 'चूक' आलं होतं.

सराव मात्र आमच्यावर चालायचा. त्यांच्या दाराशी बूट काढले की ते उलटे करून बघत. "महेशभाऊ, उजवी टाच घासून राहिली. वजन वाढलं का?" स्वतःचे बूट असे वाचून घ्यायला कोणाला आवडतं? हळूहळू लोकांनी जाणं सोडलं. आम्हीही.

त्या वर्षी त्यांचा मॅनेजर गॅरी याने थर्टी-ऑट-सिक्स झाडलं आणि तरी नर हरीण पळालं. बाकीचे ट्रकमध्ये कॉफी पीत बसले. वांढरे चार तास चालले. रक्त मागाच्या डाव्या बाजूलाच, मागचा डावा खूर ओढलेला, म्हणजे गोळी डाव्या कुशीत. हरीण ओढ्याकाठी पडलेलं सापडलं, डाव्या कुशीत गोळी लागलेलं. फोटो चंद्रपूरला गेले. रोल संपवायला म्हणून घरच्या पायऱ्यांचाही एक काढला होता.

निकालाच्या रविवारी आम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं. फोन स्पीकरवर होता.

"हरणाचं बरोबर हाय," बाबा म्हणाले.

वांढरेंनी उडीच मारली. डबा कलंडला, काडतुसं फरशीभर झाली.

"अन् सुरेश, हा घरचा फोटो. एकच माणूस जाऊन राहिला, तोच येऊन राहिला. बर्फ चार दिवसांचं जुनं दिसते. तुह्याकडे कोणीच येत नाही का रे?"

"येतात ना बाबा," वांढरे खाली बसून काडतुसं गोळा करत म्हणाले. मला लाज वाटली. आम्ही भिंतीपलीकडे तर राहत होतो.

पुढचा बर्फ पडला त्या सकाळी मी आणि महेशने त्यांच्या दारापर्यंत चार फेऱ्या मारल्या. एका फेरीला पाऊल वेगळं दिसावं म्हणून मी महेशचे बूट घातले आणि दोनदा पडता पडता वाचले. मग घंटा वाजवली. वांढरेंनी दार उघडलं, आमच्याकडे न बघता खाली पायऱ्यांवरचे ठसे बघितले. आत जाऊन कॅमेरा घेऊन आले. फोटोमागे त्यांनी लिहिलं, 'पाहुणे, आठ.'

तीन आठवड्यांनी बाबांचा फोन आला. "चूक. दोघंच हायेत, चारदा आले. एकदा त्या बाईनं नवऱ्याचे बूट घातले." मग म्हणाले, "चांगले लोक हायेत रे. त्याहिले जेवाले बोलाव."

आम्ही जेवायला गेलो. रस्सा सावजी होता. मीठ मागण्याच्या निमित्ताने आत जाऊन मी डबा उघडून पाहिला. सातही वाट्यांत मसाले होते. काडतुसं फ्रीजवर गेली होती.