पोळतात्यांचं ‘कुठनं मोजलं?’

कुणी कुठलाही आकडा सांगितला की पोळतात्या चष्मा कपाळावर चढवतात आणि आधी एकच विचारतात, "कुठनं मोजलं?"

बारामतीच्या दवाखान्यात नर्सबाईंनी त्यांचं वजन केलं. बासष्ट. तात्या काट्यावरून उतरेनात. "चपलंसकट का चपलंबिगर?" बाई म्हणाल्या, "काय फरक पडतो आजोबा?" झालं. तात्यांनी केसपेपर ओढून घेतला आणि त्यावर स्वतः लिहिलं, ‘चपलेसकट, खिशात किल्ल्या.’ मग रक्तदाब घेतला, तो वाढलेला निघाला. ‘कारण नर्सबाई’ असंही त्यांनी खाली लिहिलं.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथं मुलीचे मामा म्हणाले, मुलगी पाच फूट तीन इंच. पोह्यांची बशी खाली ठेवून तात्यांनी विचारलं, "कुठनं मोजलं? अंबाड्यापासनं?" लग्न कसंबसं जमलं. पण त्यानंतर भावकीतल्या कुठल्याही बैठकीला तात्यांना बोलावणं आलेलं नाही.

तात्या मूळचे इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे. तीस वर्षं त्यांनी तेलाच्या विहिरींवर काढली, गुजरातेत आणि आसामात. जमिनीत भोक पाडत जायचं, किती खोलीवर कुठला दगड लागला ते लिहीत जायचं, हे त्यांचं काम. आता ते बारामतीच्या एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये मुख्य आहेत. एका तेल कंपनीच्या जुन्या विहिरींचे कागद आमच्याकडं पेट्या भरभरून येतात. घडी उलगडली की पंधरा-पंधरा हात लांब होणारे पट्टे. ते स्कॅन करायचे आणि त्यावरची माहिती कॉम्प्युटरच्या रकान्यांत भरायची. भरणाऱ्यांत मी एक.

मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला इथल्या दूधप्लांटात काम मिळालं म्हणून इकडं आले. नोकरीच्या फॉर्मवर शिक्षणापुढं दहावी, बारावी, पदवीधर अशा चौकटी होत्या. मी एकातही बसेना. क्लार्क ‘निरक्षर’ लिहायला लागला, तेव्हा मागून तात्या ओरडले, "ती आत्ता भिंतीवरची पाटी वाचत हुती, तू काय झोपला हुतास? कोरं ठेव. तिला काय काय येतं ते आजून कुणी मोजलंय?"

त्या कोऱ्या चौकटीमुळं मला नोकरी लागली. तात्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण म्हणून त्यांचा राग येत नाही असं नाही. फार येतो. अख्ख्या शेडसमोर ते मला ‘ए वाशीम’ म्हणून हाक मारतात. मी कधी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की दिवसभर प्रत्येकाला काहून, काहून करून विचारत फिरतात. स्टेपलर जागेवर नसला की भांडण. पेटीवरची चिठ्ठी वाकडी लागली की भांडण. त्यांच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी असते, ‘मेथी. सोमवार. करणार: स्वतः.’ आणि डबा उघडून तात्या त्या मेथीवरही चिडतात.

कामातलं त्यांचं सगळ्यात मोठं भांडण ‘मचाणाची उंची’ या रकान्याशी. विहीर खणताना वर लोखंडी मचाण असतं. खोली मोजतात ती त्या मचाणापासून, जमिनीपासून नाही. विहीर झाली की मचाण उचलून दुसरीकडं नेतात. "मचाण गेलं, आकडा ऱ्हायला," तात्या म्हणायचे. "आता मचाण किती उंच हुतं ते ठाऊक नसंल, तर आकडा घिऊन काय त्याचं लोणचं घालायचं?"

जुन्या पट्ट्यांवर पुष्कळदा ही उंची लिहिलेलीच नसते. रकाना कोरा राहतो. आणि कोरा राहिला की कॉम्प्युटर लाल पट्टी दाखवतो, पुढं जाऊ देत नाही. त्यासाठी तात्यांकडं अर्ज करायचा, ते पट्टा तपासणार, मग कोरं ठेवायची परवानगी देणार. एकेका विहिरीला अर्धा दिवस.

भरलेली माहिती कंपनीला पाठवायची तारीख जवळ आली तसे मॅनेजरसाहेब माझ्या खुर्चीमागं येऊन हळूच म्हणाले, "मंदाताई, शून्य टाका ना. लाल पट्टी जाते." मी टाकलं. मला कोऱ्या जागेची भीतीच वाटते. शाळेत कोरी जागा सोडली की बाई हातावर छडी द्यायच्या. शून्य टाकलं की पट्टी हिरवी व्हायची आणि मला बरं वाटायचं. आठ दिवस मी शून्यं टाकत होते.

शुक्रवारी तात्यांना कळलं. ते माझ्या टेबलापाशी आले आणि पहिल्यांदाच हळू बोलले.

"शून्य म्हंजी काय गं?"

"काही नाही, म्हणजे शून्य."

"शून्य म्हंजी कुणीतरी गेलं, मोजलं, आन् शून्य आलं. कोरं म्हंजी आपल्याला ठाऊक न्हाय. ह्या दोनीत फरक न्हाय व्हय?" मग आवाज चढला. "एका विहिरीत तेलाचा थर वर दिसंल, शेजारच्या विहिरीत खाली. कुणीतरी शाना म्हनंल, मदी जमीन तुटलीया. तुटली न्हाय बाबा, हितं मंदानं शून्य घातलंय. आन् आता ह्यातलं खरं शून्य कुठलं, तुजं कुठलं, कसं कळायचं?"

"सायबानं सांगतलं म्हून टाकलं तात्या," मी म्हटलं. घाबरले की माझी वाशीमची बोली बाहेर येते.

साहेब तिथंच उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी असं बोललोच नाही. कमी शिकलेली माणसं घेतली की हे होतं." 

त्या वाक्याचा राग अजून माझ्या पोटात आहे. तात्यांनी हातातली फाईल टेबलावर आपटली, "ह्याच्यावर माजी सही न्हाय," म्हणाले आणि भर दुपारी एसटी धरून गावाला निघून गेले. साहेबांनी संध्याकाळी मला बोलावलं. "सोमवारपर्यंत त्यांची सही आणा. नाहीतर तुम्ही येऊ नका."

रविवारी सकाळी निमगाव केतकीला गाडी बदलून मी निरवांगी गाठली. रस्ताभर मनात तात्यांशी भांडत होते. तुमच्या एका रकान्यापायी माझी चूल विझेल, असं तोंडावर म्हणायचं मी ठरवलं होतं.

तात्या घरामागच्या विहिरीवर होते, पुतण्यावर ओरडत. "कठडा नवा बांधला त्याचं काय न्हाय. जुना दगुड का काढलास इचारल्याबिगर?" पुतण्या मला बघून सुटल्यासारखा घरात गेला. विहिरीच्या आतल्या अंगाला, नव्या सिमेंटच्या दोन हात खाली, जुना दगड होता त्या उंचीला, तात्यांनी लाल रंगाची रेघ ओढली होती.

मी कागद पुढं केला. "सही द्या तात्या. माझी नोकरी जाते."

त्यांनी कागद घेतला नाही. कट्ट्यावरची एक जुनी वही माझ्या हातात दिली. "वाच. वाचता येतं तुला."

प्रत्येक अमावस्येची एक ओळ. पाणी किती हात खाली. पुढं मोजणाराचं नाव, शालन. शालनकाकू म्हणजे तात्यांची बायको, त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली हे मला ऐकून माहीत होतं.

"मी आसामात," तात्या म्हणाले. "तिला सांगितलं हुतं, घागर टेकायच्या दगडापासनं दोरी सोड, गाठी मोज, मला कळव. तेवढंच एक आमचं बोलणं हुतं म्हन."

एका पानावर चार ओळी कोऱ्या होत्या. तारखा होत्या, आकडा नाही.

"चार म्हयनं काय आलं न्हाय. मी रागानं पत्र लिवलं, एवढं एक काम सांगितलं, तेबी हुईना का? कोरं का ऱ्हायलं ते इचारलंच न्हाय." त्यांनी पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं आकडा होता, अक्षर वाकडंतिकडं. "आजारी हुती. तिला हितपतूर चालवत न्हवतं. पत्र वाचून गेली. भिंतीला धरून."

त्याखाली पुढचं अर्धं पान रिकामं होतं. मग पुन्हा ओळी सुरू, आणि नावापुढं स्वतः, स्वतः, स्वतः.

"परवा ह्या पुतण्यानं समदं मोबाईलात उतरवलं. त्या चार जागी शून्य घातलं." तात्यांचा आवाज परत चढला, पण पुरता चढला नाही. "शून्य म्हंजी विहीर काठोकाठ. म्हंजी ती हितवर आली, मोजलं, मजेत हुती."

मी सहीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"मी शून्यं काढते तात्या. सगळे पट्टे परत उघडते."

"साहेब तुला काढंल."

"काढू द्या."

"कसा काढतो बघतो. कुठली विहीर कुठल्या पेटीत हाय ते माज्याबिगर कुणाला ठाऊक न्हाय. हुडकत बसंल गडी पेन्शनीपतूर." मग त्यांनी गाठी मारलेल्या, टोकाला दगड बांधलेल्या दोरीचं भेंडोळं माझ्याकडं टाकलं. "आज अमुशा हाय. सोड तू."

मी दोरी सोडली. खाली दगड पाण्याला लागला, दोरी सैल पडली. वर ओढत गाठी मोजल्या.

"अकरा हात," मी म्हटलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पुढं म्हटलं, "लाल रेघेपासनं."

तात्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. तारीख लिहिली, अकरा लिहिले. मोजणाराच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ तसंच थांबलं. मग त्यांनी लिहिलं, मंदा, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून बसले.